न भिजणारा कुरमुरा

एका शहराच्या बागेत एक तळं होतं. लोक त्यात कुरमुरे टाकायचे आणि मासे त्यांना प्रसाद म्हणायचे. पहिला घास म्हाताऱ्यांचा, हा तिथला कायदा.

एके सकाळी शेंदरी नावाच्या, कोई जातीच्या रंगीत मासोळीसमोर एक कुरमुरा येऊन पडला. बाकीचे भिजून मऊ पडले, हा मात्र कोरडाच. त्याच्याखाली काहीतरी चमकत होतं, आणि त्याला बांधलेला दोरा थेट काठावरच्या माणसाच्या हातात गेला होता.

"घे गं पोरी," गवत्या आबा हा म्हातारा मासा मागून म्हणाला. मागून! शेंदरी चक्रावली. एरवी सगळ्यांना ढकलून पुढे घुसणारी ही म्हातारी मंडळी आज मागे का सरकली?

"आबा, हा भिजत का नाही?"

"प्रसादाला प्रश्न विचारतेस? आम्ही सगळ्यांनी खाल्लाय."

"म्हणून सगळ्यांचे ओठ फाटलेत का?"

"तो आशीर्वाद आहे, दीडशहाणे!"

"मग आधी तुम्ही घ्या. कायदा तुमचाच आहे."

सगळं तळं बघत होतं. आबाने डोळे वटारत तोंड उघडलं. झटका बसला आणि तो वर ओढला गेला. माणसाने त्याला हातात धरून फोटो काढला, मग परत पाण्यात सोडून दिलं.

"कसा होता?" पिल्लांनी विचारलं.

"गोड," आबा म्हणाला. त्याच्या ओठातून रक्त पाण्यात पसरत होतं.

कुरमुरा पुन्हा येऊन पडला. पिल्लांनी रांग लावली. आबा खोटं बोलतोय की त्याला खरंच गोड लागलं, हे शेंदरीला काही केल्या कळेना. कळेना, तरी ती रांगेपुढे आडवी उभी राहिली.