राजाचा उजवा डोळा

जाताना अक्का काय बोलली? विसाजीनं हे पहारेकऱ्याला विचारलं, वैद्याला विचारलं, प्रेत उचलणाऱ्या माणसांनाही विचारलं. पहारेकरी भाला पुसत राहिला, वैद्यानं औषधांची पेटी बंद केली आणि ती माणसं हातपाय धुवायला नदीकडे निघून गेली.

एका राज्यात, जिथे पक्षी माणसांसारखे बोलत आणि मांत्रिकांना दरबारात आसन असे, तिथली ही गोष्ट. विसाजीची थोरली बहीण तुळसाक्का राजाचा चेहरा कोरत असे. आईबाप लवकर गेले, तेव्हा विसाजीला तिनंच वाढवलं. तांब्याच्या पत्र्यावर ती राजाचं मुख उलटं कोरी, डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं. शाई भरून वर कागद दाबला की राजा सुलटा होऊन बाहेर येई. त्याची टिकिटं पत्रांवर बसून समुद्रापार जात, त्याच्या नोटा बाजारात हातोहात फिरत.

लहानपणच्या तापात अक्काच्या डाव्या हाताची बोटं वाळली होती. म्हणून ती उजव्या हातात कोरणी धरी, आणि वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवलेला पत्रा विसाजी फिरवी. गोल रेघ अशीच निघते. कोरणीचा हात जागचा हलत नाही, खालचा पत्रा फिरतो. विसाजीला मात्र दम धरवत नसे. मग अक्का मान वर न करता म्हणे, "विस्या, बैलगाडी हाकतोयस का?"

कालनाभ नावाचा मांत्रिक खोट्या नोटा काढी. इतरांच्या रेघा त्याला साधत, अक्काच्या साधत नसत. म्हणून राजानं नवी नोट कोरायचं काम अक्कालाच सांगितलं. त्या राज्याची रीत अशी होती की, नोटेचा पत्रा पुरा होईपर्यंत कोरणाऱ्याला कोंडून ठेवायचं, म्हणजे रेघांचं गुपित बाहेर जाणार नाही. कोंडायचं ते एकालाच. विसाजी दारापर्यंत तिच्यासोबत गेला. पत्रा फिरवायला मी लागतो, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. पहारेकरी म्हणाला, रीत एकाची आहे. दार लागलं.

अक्कानं कोपरानं पत्रा ढकलून ढकलून मुकुट कोरला, मिशा कोरल्या, एक डोळा कोरला. मग ती तापानं पडली आणि दार बंद असतानाच गेली. तिचा श्वास सुटला त्या क्षणी कालनाभानं शाप दिला: पत्रा अपुरा, तोवर राजा अपुरा. अक्काची कोरणी उडून त्याच्या गुहेत गेली. राजाचा उजवा डोळा विझला, आणि सिंहासनाच्या उजव्या हाताला जेवढं राज्य होतं, तिथे सूर्य उगवेना. दुसरी कोणतीही कोरणी पत्र्याला लागली की तिचं टोक मोडे.

त्या खोलीच्या खिडकीत एक साळुंकी राहत असे. विसाजीनं तिलाही तोच प्रश्न विचारला.

साळुंकी म्हणाली, "मी ऐकलं आहे. पण शापानं माझी जीभ बांधली. तो असेतो तिचे शब्द माझ्या तोंडून निघणार नाहीत."

"शाप कशानं तुटेल?"

"तिची कोरणी आण. तिला धार लाव. डोळा पुरा कर."

विसाजी तसाच अनवाणी निघाला. कोणत्या वाटेनं जायचं हे विचारायचंही त्याला सुचलं नाही. दोनदा चुकून, एकदा ओढ्यात पडून तो कालनाभाच्या गुहेत पोचला. आत सोन्याचे घोडे होते, रत्नांची झाडं होती आणि जमिनीवर नाण्यांचा खच होता. ती नाणी म्हणजे पूर्वी आलेली माणसं. कोणतीही वस्तू उचलली की उरलेला खजिना मागून हाका मारी, आणि वळून पाहणारा नाणं होऊन पडे.

कालनाभ त्याला पाहून हसला. "तुला सही करता येत नाही. कोरणी नेऊन काय करशील, दात कोरशील?"

"माझ्या बहिणीची आहे," विसाजी म्हणाला आणि त्यानं ती उचलली.

मागून अक्काच्या आवाजात हाक आली: बाळा, थांब ना, माझ्या राजा. विसाजीचे पाय जड झाले. पण अक्कानं त्याला जन्मात कधी बाळा म्हटलं नव्हतं. तो रडत रडत बाहेर आला आणि त्यानं मान वळवली नाही.

नदीच्या डोहात एक काळा दगड होता. त्या कोरणीला धार लागे ती त्याच्यावरच. पण दगड त्याचं मोल मागे. गेलेल्या माणसाचा एक आवाज तो धार लावणाऱ्याच्या मनातून कायमचा काढून घेई. विसाजी कंबरभर पाण्यात बराच वेळ उभा राहिला. अक्काचं रागावणं त्याला देववेना, कारण त्यात त्याचं नाव होतं. शेवटी त्यानं तिचं हसणं दिलं. कोरणी लखलखली. पाण्याबाहेर आल्यावर त्यानं अक्काला मनात हसवून पाहिलं. तिचे दात दिसले, खांदे हलले, आवाज आला नाही.

मग रीतीप्रमाणे त्याला खोलीत कोंडलं. राजा स्वतः येऊन उंबऱ्याबाहेर बसला. अंधाऱ्या मुलखातली माणसं थंडीनं काकडत अंगणात उभी राहिली. विसाजीनं कोरणी पत्र्याला लावली. ती घसरली आणि भुवईवर ओरखडा उठला. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. त्यानं संतापून कोरणी भिंतीकडे फेकली.

ती भिंतीवर आपटली नाही. वाटेत थांबली, परत आली आणि पत्र्यावर तिरकी टेकून हवेत उभी राहिली, अक्का धरी तश्शी. धरणारं कोणी दिसत नव्हतं.

विसाजी उशीच्या दुसऱ्या अंगाला, आपल्या नेहमीच्या जागी बसला. त्यानं पत्र्यावर दोन्ही हात ठेवले आणि फिरवायला सुरुवात केली. कोरणीपुढून तांब्याची केसासारखी तार निघाली आणि वेटोळं होत गेली. पापणी झाली. बुबुळाची रेघ निम्मी झाली. आणि त्याच्या ध्यानात आलं की, ही रेघ जुळली की डोळा पुरा, आणि डोळा पुरा झाला की हा हात जाणार.

त्यानं पत्रा थांबवला. कोरणीही थांबली.

दाराबाहेरून राजानं विचारलं, "थांबलास का?"

"महाराज, ती इथं आहे. थोडं बसू द्या."

अंगणात कुणाचं तरी तान्हं मूल रडत होतं, त्याची आई त्याला छातीशी घट्ट धरून उभी होती. विसाजीला ते ऐकू येत होतं आणि तरी त्याचे हात हलत नव्हते. मग कोरणीनं पत्र्याच्या कडेवर टक् टक् वाजवलं. कामात त्याला डुलकी लागली की अक्का असंच वाजवी.

"हो, फिरवतो," तो म्हणाला. "पण सावकाश फिरवीन हां."

जन्मात फिरवला नव्हता इतक्या सावकाश त्यानं पत्रा फिरवला. रेघेला रेघ मिळाली.

राजाला उंबऱ्यावरची मुंगी दिसली. उजव्या मुलखात भर दुपारी सूर्य उगवला. गुहेतली नाणी माणसं होऊन उठली आणि घराकडे चालू लागली, आणि कालनाभ आपल्याच खजिन्याला ओ देऊन पितळेचं नाणं झाला. राजानं दार उघडवलं आणि तिथेच हुकूम केला की, यापुढे आत दोघं बसतील, एक कोरणारा आणि एक फिरवणारा, आणि दाराला कुलूप नसेल.

विसाजी खिडकीशी धावला. "आता सांग. काय बोलली ती?"

साळुंकीनं मान तिरकी केली, चोच उघडली आणि साळुंक्या करतात तसा किलबिलाट केला. शापाबरोबर त्या राज्यातली जादू ओसरत चालली होती, पाखरांची वाचाही गेली होती. त्यानं पुन्हा विचारलं, हात जोडून विचारलं. ती उडून गेली.

तो मागे वळला. कोरणी अजून हवेतच होती. काम संपलं होतं, पण हात ती सोडत नव्हता. विसाजीला कारण ठाऊक होतं. बराच वेळ कोरलं की बोटं आखडतात, आपली आपण उघडत नाहीत. तो जवळ गेला. न दिसणारा तो गार हात त्यानं आपल्या तळव्यांत धरला आणि त्यावर तोंडाची वाफ सोडली. आधी अंगठा मोकळा केला, मग एकेक बोट, दुखू नये अशा बेतानं. करंगळी सुटली तेव्हा कोरणी त्याच्या हातात आली.