येरीत फूल सोडत नाहीत

थांबा जी ताई, ते फूल या येरी नदीत सोडू नका. देवाला वाहा, केसात माळा, नाहीतर मला द्या; पण या दाराखालच्या पाण्यात आमच्याकडे कुणी काही सोडत नाही. गणपतीसुद्धा आम्ही विहिरीत बुडवतो. रागावू नका. मी या येरबांध तलावाचा पाणकर. दार कधी उघडायचं, नदीत पाणी किती सोडायचं, ते माझं काम. आणि ही गोष्ट सांगणंही माझंच काम.

फार जुनी आहे, म्हणे. तेव्हा डोमाजी नावाचा पाणकर या पाळीवर, म्हणजे या मातीच्या बांधावर, झोपडी करून राहायचा. बायको गेलेली. एकच लेक, तानी. ती कोसभर खाली मोहटोल्याला दिलेली. पाणकराने पाळ सोडायची नाही असा दंडक, म्हणून लेकीचं घर त्याने कधी पाहिलंही नव्हतं.

दार उघडण्याआधी खालच्यांना कळवायची एकच रीत होती. पळसाच्या पानाच्या द्रोणात हळकुंड ठेवून तो येरीत सोडायचा. मोहटोल्याच्या घाटावर द्रोण दिसला की माणसं, गुरं पात्राबाहेर. तेवढा वेळ थांबून पाणकर दार काढायचा.

पण एकट्या माणसाचं मन, काय सांगावं! दिवसभर बगळ्यांशी किती बोलणार? एका सकाळी डोमाजीने हळकुंडाऐवजी कण्हेरीचं फूल ठेवून द्रोण सोडला. खाली धावपळ उडाली. तानीने फूल ओळखलं, हसली, रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फूल, मग रोजच. जाणत्यांनी निरोप धाडला, की बापा, हा खेळ बरा नव्हे. त्याला राहवेना, आणि खरं सांगायचं तर लोकांनाही त्याची कीव आली. हळूहळू द्रोण दिसला तरी कुणी जागचं हलेना. तानीच्या बाचा द्रोण आला, एवढंच म्हणायचे.

त्या वर्षी हस्ताने तीन दिवस झोडपलं. चौथ्या दिवशी ऊन पडलं, पण डोंगराचं पाणी तलावात येतच होतं. ते पाळीच्या माथ्याला टेकलं. पाळ फुटली असती तर मोहटोला मुळासकट गेला असता. डोमाजीने हळकुंड घातलं, द्रोण सोडला, नेहमीइतका थांबला आणि दार काढलं.

घाटावरच्या बायांनी द्रोण पाहिला, तानीसाठी काठाला अडकवून ठेवला आणि पुन्हा धुण्याला लागल्या. तानी शेतावरून आली, तिने आत पाहिलं. असं सांगतात, ती एवढंच ओरडली, "फूल नाही, हळद आहे!" बाया वर चढल्या. पण खालच्या वळणावर दोघीजणी मासे धरत होत्या, त्यांना हाक पोचेना. तानी पात्रातून पळत गेली. त्या दोघी वाचल्या. तानी नाही वाचली.

डोमाजी पुढे वीस वर्षं पाणकर राहिला. पाळीवरची कण्हेर त्याने तोडली नाही, म्हणतात; पण तिची फुलं झाडाखालीच सुकायची. नदीत त्याने फूल सोडलं नाही, कुणाला सोडूही दिलं नाही.

आजही येरीत फक्त हळकुंडाचा द्रोण जातो. आता त्याच्या जोडीला हा मोबाइल आहे. माझी धाकटी वच्छला मोहटोल्यालाच दिली आहे, ते बघा, त्या मोहाच्या झाडांपलीकडे. दिवाळीला येते, तेव्हा पोटभर बोलतो. एरवी आठवण आली तरी मी तिला फोन लावत नाही. माझा फोन वाजला की तिने उठून पळायला हवं.