मिठाची वाट

या कडुलिंबापासून उत्तरेला बघा. कुल्फीच्या गाड्यांच्या मागून एक पांढुरकी पट्टी निघते, हातभर रुंद, आणि माळ ओलांडून जुन्या दगडखाणीपर्यंत जाते. आश्विनाचं ऊन आहे, पण पाऊस नुकताच गेलाय, दोन्ही अंगांना हरळी कशी माजलीय बघा. मधे मात्र एक काडी नाही. श्रावणात गुडघ्याएवढं गवत होतं ना, तेव्हाही ही पट्टी अशीच उघडी असते. कुणी म्हणतं पायवाट आहे, पायांनी झिजली. पण खाणीकडे जायला आता कुणाचे पाय आहेत? आम्ही तिला मिठाची वाट म्हणतो.

तुम्ही गावोगाव खात आलात म्हणता. कुठं मिरचीची भजी, कुठं चुरमुऱ्यांचा सुशीला, कुठं बर्फाचा गोळा. चांगलं केलंत, गाव जिभेवर घेतल्याशिवाय कळत नाही. आमच्या कोळखडीचं नाव मटक्यातल्या कुल्फीसाठी आहे, म्हणून तुम्ही इथं उतरलात. आणि अर्धा तास झाला तरी हे लोक तुम्हाला कुल्फी देत नाहीत, म्हणून चिडलात. बर्फ समोर आहे, दूध आटलेलं आहे, साचे भरून झाकणं कणकेनं लिंपलेली आहेत, मिठाचं पोतं शेजारी उभं आहे. मग थांबलेत कशाला? हाकेसाठी थांबलेत. हाक होईपर्यंत कोळखडीत कुणी बर्फाला मीठ लावत नाही. बसा या पारावर, तोवर सांगते. माझी सासू त्या वेळी परकर नेसायच्या वयाची होती. तिनं थोडं पाहिलेलं, जास्त ऐकलेलं. मी सगळं ऐकलेलंच.

तेव्हा गावात कुल्फीचं मडकं एकच होतं, सिद्राम गवळ्याचं. बर्फाची लादी सकाळच्या मोटारीनं जिल्ह्याहून यायची, गोणपाटात गुंडाळून, भुशात पुरून. पोचेपर्यंत तिचं निम्मं पाणी झालेलं. सिद्राम ती फोडायचा, साच्यांच्या भोवती मडक्यात भरायचा, वर मुठीमुठीनं खडेमीठ टाकायचा आणि मडकं दोन्ही हातांनी गरागरा हलवत बसायचा. मीठ पडलं की बर्फाचा गारवा वाढतो, दूध गोठतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण मीठ पडलेला बर्फ मग माणसाच्या कामाचा राहत नाही. तोंडात धरवत नाही आणि अंगाला लावला तर कातडी जाळतो.

सिद्राम मनानं चांगला होता, हे आधी सांगून ठेवते. खाणीवर दगड फोडणारे वडार लोक राहायचे, पाल ठोकून. गावात त्यांना कुणी उंबऱ्याशी उभं करत नसे. सिद्राम मात्र कुल्फीपुरता बर्फ काढून झाला की लादीचं उरलंसुरलं त्यांच्यासाठी राखून ठेवायचा. दिवस कलता कलता त्यांच्या बायका यायच्या, तो त्यांच्या भांड्यात बर्फाचे तुकडे टाकायचा, त्या पाण्यात घालून लेकरांना पाजायच्या. "शेवटचं तुमचं," असं तो म्हणायचा, आणि दिलेला शब्द त्यानं कधी मोडला नाही, असं सांगतात.

एके वर्षी चैत्रात सिद्धनाथाची यात्रा भरली. ऊन असं की म्हणे देवळाच्या पायरीवर पाय ठेवला की फोड येत होता. आसपासच्या पंधरा गावांची माणसं लोटलेली, आणि सगळ्यांची तोंडं सिद्रामच्या मडक्याकडे. पहिलं मडकं संपलं, दुसरं संपलं. तिसऱ्यासाठी लादीचा अखेरचा तुकडा उरला होता.

तेवढ्यात गर्दीच्या मागं खाणीवरची नागव्वा येऊन उभी राहिली. हातात जर्मनची तपेली. तिची सात वर्षांची दुर्गी आदल्या दिवसापासून तापानं फणफणली होती. खाणीच्या मुकादमानं सांगितलेलं, की दवाखान्यात न्यायला गाडी येते, तोवर पोरीच्या डोक्यावर गार काहीतरी ठेवत राहा, बर्फ मिळाला तर बर्फच ठेव. म्हणून ती अर्धा कोस उन्हातून धावत आलेली.

पण धावत आलेली बाई गर्दीपाशी येऊन थांबली. यात्रेच्या माणसांना तिनं शिवायचं कसं? तिला मराठीही मोडकं येई. ती टाचा उंच करून नुसती तपेली दाखवत राहिली.

सिद्रामनं तिला पाहिलं. मडक्यावरून मान वर करून हसला म्हणे. "काय नागव्वा, आज लवकर? अगं, तुझं शेवटी. आज यात्रा हाय, जरा दमानं घे."

नागव्वा म्हणाली, "अण्णा, पोरगी..."

"पोरीला बी देतो की. सगळ्यात मोठी कुल्फी देतो तिला, मग झालं?"

रांगेतला एक जण म्हणाला, "आता खाणीवरबी कुल्फीचा नाद लागला का? उद्या दगडाला साखर लावून खातील." लोक हसले. सिद्रामनं त्याला दटावलं, "गप रे, तिचा मान हाय तो." आणि दटावता दटावताच पोत्यात हात घातला, मिठाची मूठ भरली आणि त्या अखेरच्या बर्फावर टाकली. एक मूठ, दुसरी, तिसरी.

नागव्वानं उंच धरलेली तपेली खाली घेतली. माझी सासू सांगायची, तिला वाटलं असेल, शेवटी देतो म्हणाला ना, याचा शब्द खरा असतो. तिनं आपली वाट बघितली. ढोल वाजत होते. मडकं फिरत होतं. तिथं उभ्या असलेल्या इतक्या माणसांत एकानंही तिला विचारलं नाही, की बाई, तू घामानं भिजलीस, तुझे ओठ का थरथरतात?

साचे उघडले. सिद्रामनं लोकांच्या आधी खरोखरच सगळ्यात मोठी कुल्फी काढून पळसाच्या पानावर ठेवली. मग ती पालापर्यंत टिकावी म्हणून मडक्यातला बर्फ ओंजळीनं उचलून तिच्या तपेलीत टाकला. "घे, आज संध्याकाळची वाट बघायला नको."

नागव्वानं बर्फाला बोट लावलं आणि ते जिभेवर ठेवलं. मग ती ओरडली. यात्रेत कुणी तसं ओरडलेलं ऐकलं नव्हतं म्हणे. "खारट! अण्णा, खारट हाय! पोरीला ताप हाय, डोक्यावर ठेवायचाय!"

ढोल थांबले. सिद्रामच्या हातातलं पान खाली पडलं. तो उठला आणि सरबतवाल्याकडे धावला, त्याचा बर्फ सकाळीच संपलेला. गोळेवाल्याकडे धावला, त्याच्या रंध्याखाली नुसतं ओलं फडकं. मग तो मडक्याकडे परतला आणि बर्फ विहिरीच्या पाण्यानं धुवायला लागला. धुवावा तसा तो विरघळायला लागला. चार ओंजळींचा दोन ओंजळी झाला, दोनाचा मुठीएवढा. मीठ गेलं की राहिलं, बघायला वेळ कुणाला होता? डोक्याचा पटका सोडून त्यात त्यानं तो गुंडाळला, तपेलीत ठेवला, आणि दोघं खाणीकडे पळत सुटली. पुढं सिद्राम, मागं नागव्वा. तपेलीला बुडाशी भोक होतं. या लिंबापासून खाणीपर्यंत ते पाणी थेंबाथेंबानं ठिबकत गेलं.

पालात पोचली तेव्हा पटका नुसता ओला होता. नागव्वानं तोच पोरीच्या कपाळावर ठेवला. पटक्याचं टोक दुर्गीच्या तोंडापाशी आलं, तिनं ते चोखलं. डोळे उघडून आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "अव्वा, खारट."

तेवढंच ती बोलली. गाडी आली तेव्हा ऊन अजून डोक्यावर होतं, पण गाडीचं काम उरलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मुठीएवढ्या बर्फानं पोर वाचली असती का? कोण जाणे. बर्फ म्हणजे काही देव नव्हे. माझी सासू म्हणायची, वाचली असती की नसती हे सिद्धनाथाला ठाऊक, आपल्याला एवढंच ठाऊक की लादी होती, वेळ होता, आणि कुणी विचारलं नाही.

सिद्राम तिथंच पालाबाहेर बसून राहिला. लोक न्यायला आले तरी उठेना. शेवटी नागव्वाच बाहेर आली. त्यानं तिच्यापुढं डोकं टेकलं. ती म्हणाली, "तू वाईट नव्हं, अण्णा. तू रोज देत होतास. पर तू शेवटी देत होतास."

तिथून तो सरळ सिद्धनाथाच्या गाभाऱ्यापुढं गेला आणि पुजाऱ्याच्या देखत दोन शपथा घेतल्या असं सांगतात. पहिली, की लादीचा पहिला तुकडा तापाचा. गावाला हाक मारून विचारल्याशिवाय बर्फावर मीठ पडणार नाही. आणि दुसरी, की आजपासून माझ्या तोंडात मीठ पडणार नाही. त्यानंतर तो एकतीस वर्षं जगला. भाकरी अळणी, कालवण अळणी. सणावाराला बायको चिमूटभर तरी घाला म्हणून रडायची, तेव्हा म्हणे तो म्हणायचा, "पोरीनं माझ्या वाटचं खाल्लं गं."

पाऊस आला. माळ हिरवा झाला. आणि पहिल्यांदा लोकांच्या ध्यानात आलं, की लिंबापासून खाणीपर्यंत एक पट्टी उघडी राहिली आहे. सिद्राम रोज सकाळी विहिरीच्या घागरी ओतत त्या वाटेनं जायचा, मीठ धुऊन निघेल म्हणून. नदीची माती आणून टाकली, हरळी लावली. लावलेली हरळी आठ दिवसांत जळायची. एवढ्याशा थेंबांनी अशी जमीन मरत नाही, हे मलाही कळतं. मागं एक शिकलेला साहेब सांगून गेला की खाली चुनखडी आहे. असेल. पण चुनखडी नेमकी कुल्फीच्या गाड्यांपासून पालापर्यंतच कशी गेली, ते काही त्यानं सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा यात्रा आली. सिद्रामनं लादी आणली, फोडायच्या आधी या लिंबाखाली उभा राहिला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून हाक दिली, "कुणाच्या घरी ताप हाय का?" लोक हसू आवरून उभे. हाक देता देता त्याला दिसलं, गर्दीच्या मागं नागव्वा उभी आहे. तीच तपेली हातात. भोक बुजवून आणलेली.

गर्दी आपोआप दोन्हीकडे सरली. तिला मधे वाट झाली, यात्रेत पहिल्यांदा. पण ती पुढं आली नाही. जागेवरूनच म्हणाली, "न्हाई अण्णा. माझ्या घरी आता ताप यायला कुणी न्हाई. तू विचारतोस का, तेवढं बघाया आले."

तपेली तिनं या पारावर ठेवली आणि गेली. पावसाच्या आत खाण बंद पडली, पालं उठली, गाढवांवर बिऱ्हाडं लादून ते लोक कुठल्या मुलखात गेले ते कुणाला कळलं नाही. तपेली मात्र राहिली. ती काय, त्या खिळ्याला अडकवलेली. काळी पडलीय, पण बुडाचा डाग दिसतो बघा.

आज गावात कुल्फीच्या अकरा गाड्या आहेत. बर्फ टेम्पोनं येतो, घरोघर फ्रीज आहेत, तालुक्याला दवाखाना आहे. शाळेतली पोरं हाकेची नक्कल करतात. बाहेरगावचा एक कुल्फीवाला मधे आला होता, त्यानं हाकेआधी मीठ टाकलं, तर कुणी भांडलं नाही, पण कोळखडीच्या एकाही माणसानं त्याची कुल्फी तोंडात धरली नाही. आठवड्यात तो उठला. आणि चैत्रातल्या यात्रेच्या दिवशी या अकराही घरांत चुलीवर अळणी शिजतं.

ते बघा, म्हातारे शिवलिंगप्पा उठले. सिद्रामचे ते नातू. आता तुम्हीही बोलू नका जरा.

आधी ते गावाकडे तोंड करून विचारतील. कुणी हात वर केला तर पहिला बर्फ त्याचा, आणि तो पोचवायला आपली गाडी सोडून माणूस धावतो. नाही केला, तर मग ते वळतील आणि खाणीकडे तोंड करून तीच हाक देतील. तिथं आता पाल नाही, चूल नाही, माणूस नाही. आजही तिकडे विचारतात. आणि नुसतं विचारून मोकळे होत नाहीत. लादीचा पहिला तुकडा त्या तपेलीत घालून पारावर ठेवतात, आणि तो विरघळून पाणी होईपर्यंत उत्तराची वाट बघत उभे राहतात.

उत्तर आलं नाही, की मीठ पडतं.

तेवढं थांबा, बाळांनो. मग खा.