विरळ हवेतला स्टोव्ह

“पण जिथं स्टोव्हलाच हवा पुरत नाही, तिथं माझ्या पोरीला कशी पुरणार, अबी-ले?”

या एका प्रश्नानं शर्वरीची झोप उडवली होती. नवरा लडाखात रस्ते बांधणारा इंजिनीअर. त्याच्यासोबत राहायचं म्हणून ती सांगलीहून आली आणि गोंपाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या आवारात खोली घेतली. डॉक्टरांनी पाच वर्षांच्या जुईला तपासून ‘ठणठणीत’ म्हटलं होतं. डॉक्टरांना काय, ते घरी जाऊन झोपतात!

आज तिनं ठरवूनच टाकलं होतं. पोरीपुरती खिचडीसुद्धा शिजत नसेल, तर उद्याच सांगलीला परत.

गोंपातल्या म्हाताऱ्या भिक्षुणीला सारं गाव अबी-ले, म्हणजे आजी म्हणे. त्या चुलीच्या कोपऱ्यात माळ ओढत बसल्या होत्या.

“ज्योत कशी आहे?”

“पिवळी. नुसता धूर. पाणी खळखळतंय आणि तांदूळ दाताखाली कचकचतोय.”

“का?”

“हवा विरळ. पाणी पुरेसं तापायच्या आधीच उकळतं. रॉकेल नीट जळत नाही.” दहावीच्या वर्गाला तिनं हे शिकवलं होतं. पोरांना पैकीच्या पैकी मार्क पडले होते.

“बरोबर. मग तू काय केलंस?”

“...वाती वाढवल्या.”

“आणखी?”

“खिडक्या लावून घेतल्या. जुईला गारठा लागू नये म्हणून.”

अबी-ले उठल्या. वाती खाली केल्या, इतक्या खाली की आता विझतोच असं शर्वरीला वाटलं. पातेल्याच्या झाकणावर एक दगड ठेवला. मग खिडकी सताड उघडली.

“अहो, काय करताय! पोरगी गारठेल!”

ज्योत फडफडली. आक्रसली...

आणि निळी झाली.

वेळ लागला, पण शीत बोटांत मऊ दबलं.

“जमलं!” शर्वरी ओरडलीच. “अबी-ले, शिजली!”

“आता तो हात काढ.”

“कुठला?”

अबी-लेंनी नुसतं पाहिलं. शर्वरीचा डावा हात शेजारी बसलेल्या जुईच्या छातीवर होता. श्वास मोजत. सांगली सोडल्यापासून तो तिथून फारसा हललाच नव्हता.

“हासुद्धा?”

“हा आधी काढायचा होता.”

...शर्वरीनं हात काढला.

जुई सुटली ती थेट अंगणात, तिथून गच्चीच्या दगडी पायऱ्यांवर. शर्वरी उठली, तर तिची ओढणी अबी-लेंच्या मुठीत. बराच वेळ मूठ सुटेना. सुटली तशी ती धावली.

अर्ध्यातच छातीचा भाता झाला. भिंतीला धरून तिनं वर पाहिलं.

अगदी वरच्या पायरीवर जुई. गाल लालबुंद, दोन्ही हात आभाळात.

“आई, पळतेस काय! मधे बसायचं ना! मी बसले होते. बसलं की हवा येते!”