कवाड नसलेला दरवाजा

आज जिथे विद्यापीठाच्या बसगाड्या वळतात, त्या माळाकडे फार वर्षांपूर्वी दिवसाढवळ्याही कोणी फिरकत नसे. तिथे जिन्नांची वस्ती होती, असं म्हणतात. माळाला पाठ लावून शेंदोळ गावचा मदरसा उभा होता. मातीची एकच खोली आणि शिकवायला मौलवी बदीउद्दीन. माणूस विद्वान, पण भित्रा इतका की वटवाघूळ फडफडलं तरी घाम फुटायचा.

पोरं वाढली, काही उंबऱ्याबाहेर उन्हात बसू लागली. म्हणून मौलवींनी मागची भिंत पाडून माळावर पुढे बांधायला काढली. गवंड्यांनी दिवसभर रचावी आणि सकाळी पाहावं तर ढिगारा. पुन्हा रचली, पुन्हा तेच. गवंडी थाप्या टाकून पळाले. आईबाप पोरांना दंडाला धरून घरी नेऊ लागले. आता मदरशाला टाळं लागणार, हे मौलवींना दिसत होतं.

सांजेची मगरिबची नमाज आटोपून ते ढिगाऱ्याकडे निघाले, तशी बायको जुलेखाबी आडवी आली. "अहो, लेकरू पाळण्यात आहे आपलं. नका जाऊ."

"नाही गेलो तर उद्या शिकवू कोणाला?" मौलवी म्हणाले. तिला वळसा घालून ते पुढे निघाले.

ढिगाऱ्यावर बसून त्यांनी रोजचा धडा म्हणायला घेतला. समोरच्या अंधारात हळूहळू डोळे उघडू लागले. माळभर डोळेच डोळे. मौलवींची बोबडी वळली, धडा अडला. तेव्हा अडलेला शब्द अंधारातून कुणीतरी पुरा केला.

"भिंतीला कान लावून शिकलो आम्ही," आवाज आला. "तू भिंत पुढे आणतोस आणि आम्हाला मागे ढकलतोस. म्हणून पाडतो."

"मग आत या," मौलवी कसेबसे म्हणाले.

"आमच्यात तुझा कलमा न मानणारेही आहेत."

मौलवी दाढी मुठीत धरून विचार करत बसले. तेवढ्यात ती काळी दाढी पांढरी झाली, असं म्हणतात. मग ते म्हणाले, "शिकायलाच येणार ना? मग सगळे या. दार लावणार नाही."

दुसऱ्या दिवशी गवंडी परतले आणि भिंत उभी राहिली, मधोमध कवाड नसलेला दरवाजा ठेवून. मग बांधकाम थांबलंच नाही. गवंडी एक खोली बांधून जेवायला जात आणि परतल्यावर पाहत तर दोन झालेल्या असत, असं म्हणतात. कुराण-हदीसच्या जोडीला गणित आलं, हकिमी आली, कायदा आला. सगळ्या जातीधर्मांची पोरं आली, मुली आल्या. माळ संपला आणि मदरशाचं विद्यापीठ झालं.

आजही तिथे नवी इमारत बांधताना मागच्या अंगाला एक दरवाजा बिनकवाडाचा ठेवतात. वर्षाच्या पहिल्या तासाला प्राध्यापक मौलवींचं नाव घेतात, त्या रिकाम्या दाराकडे बघतात आणि म्हणतात, "आत या." नवी पोरं खुसुखुसू हसतात. मग शेवटचं बाक करकरतं, आणि त्यावर बसलेले न बोलता सरकून जागा करून देतात.