न वाळणारे जोडे

एका राज्यात एक तळं होतं, इतकं थोरलं की पलीकडच्या काठावर ढग उतरून पाणी पीत. राजा उदयभान, सेनापती रणधवल. रणधवलाला गादी हवी होती. दुसरं काही नाही, गादी.

तिथली रीत अशी, की राजाच्या नावेत कुणी पायताण घालून चढायचं नाही. आणि राजा गेला की त्याचे जोडे पायात घालील तो नवा राजा.

एके सकाळी दोघं अनवाणी नावेत बसले. लेकीसाठी कमळ खुडायला राजा वाकला. रणधवलाने पायाने नाव दाबली. राजा पडला, पाण्यातून त्याने हात वर केला. रणधवलाने तो पाहिला, धरला नाही. याला कुणी पराक्रम म्हणत असेल तर म्हणो.

"महाराज घसरले," असं सांगून त्याने काठावरचे राजाचे कोरडे जोडे घातले. लोकांनी मुजरे केले.

दुसऱ्या दिवशी जोडे ओले झाले. काढावेत तर निघेनात. तो चालेल तिथे ओलं पाऊल उमटे, पावलात शेवाळ धरे, शेवाळात बोटभर मासे फिरत. तळं आटू लागलं आणि महाल भरू लागला. गावाचे हंडे कोरडे.

फरशी पुसणारी गोदू म्हणाली, "महाराज, पाय पुसून येत जा. माझी कंबर गेली."

"हे पाणी येतं कुठून?"

"ज्याच्या पायाला लागलंय त्याला ठाऊक. मी फरशीची बाई."

खिडकीत खंड्या पक्षी येऊन बसला. "जोडे वाळायला हवे असतील तर तीन कामं आहेत, सेनापती."

"महाराज म्हण."

"आधी मांत्रिकाचा सूर्यमणी आण."

रणधवलाने डोंगर चढून मणी आणला. पडदे वाळले, जोडे ओलेच.

"आता राक्षसाच्या गुहेतला वारा आण."

त्याने पोतंभर वारा आणला. छपराची कौलं उडाली, जोडे ओलेच.

"तिसरं?"

"दिला नाहीस तो हात दे. राजकन्येसमोर."

"मग गादी जाईल."

"जाईल," म्हणून खंड्या उडाला.

तळ्यात आता एक डबकं उरलं होतं. रणधवल तिथे गेला, तर राजकन्या चंपावती लोटा घेऊन बसलेली.

"काका, बुडताना बाबा काही म्हणाले का?"

तो तिच्यासमोर चिखलात बसला. "हात वर केला होता, बाळ. मी धरला नाही. नाव मीच दाबली."

तिने लोटा खाली ठेवला. "आता धरा."

मुकुट काढून तो डबक्यात उतरला, पाण्यात हात घातला. खालून एका गार हाताने तो धरला. आता ओढणार, हे रणधवलाला कळलं. तरी त्याने हात मागे घेतला नाही. त्या हाताने ओढलं नाही. एकेक करून त्याच्या पायातले जोडे उतरवले आणि काठावर जोडीने नीट ठेवले. जोडे कोरडे होते.

महालातलं पाणी मासे घेऊन तळ्याकडे परतलं. चंपावतीने जोडे घातले. जरा सैल होते.

रणधवलाच्या हाती तिने वल्हं दिलं. अजून तो नाव चालवतो, अनवाणी. कुणी कमळाकडे वाकलं की वल्हं टाकून आधी त्याचा हात धरतो.