मुंग्यांनी राखलेली ओळ

एका राज्यात, भर दरबारात, राजाच्या पुढ्यात दोन बायकांचे भांडण जुंपले होते. एक राजकवयित्री मृणालवती, खांद्यावर राजाने दिलेली मानाची शाल. दुसरी भिवरा रंगारीण, कोपरापर्यंत हात निळे. दोघी एकाच गुरूपाशी शिकलेल्या, एका ताटात जेवलेल्या. परकी माणसे इतके जीव तोडून भांडत नाहीत.

"मग म्हण की," मृणालवती म्हणाली. "पोथीत जागा हवी, आणि कविता घरी विसरलीस?"

"अर्धी आठवते. अर्धी शापाने नेली. तुला तरी तुझी कागदावाचून येते का, मृणाले?"

शाप असा होता. राज्यातल्या थोर कवितांची एक महापोथी होती. पोथीत गेलेली कविता बाहेर कोणी गायची नाही, असा तिथला दंडक. मोठे शहाणे लोक. कविताही कुलुपात ठेवत. एका मांत्रिकाची कविता तिथे नाकारली गेली. त्याने चिमूटभर राख फुंकली. पोथीतल्या अक्षरांच्या काळ्या मुंग्या झाल्या आणि भिंतीत शिरल्या. राज्यातला प्रत्येक कवी आपली कविता विसरला, कोणी सगळी, कोणी अर्धी. दुसऱ्याची तर कोणी पाठ केलीच नव्हती. आज सूर्य बुडेपर्यंत पानावर एक तरी कविता टिकली नाही, तर पोथीची माती होणार होती. ज्याची टिकेल त्याला पोथीतले पहिले पान, असे राजाने जाहीर केले होते.

ते पान मृणालवतीला हवे होते. तिने घरच्या कागदावरून आपली कविता सोन्याच्या शाईने उतरवली. मुंग्या आल्या, खाऊन गेल्या. दुसऱ्यांदा सात पंडितांनी खाली सह्या केल्या. मुंग्यांनी सह्याही खाल्ल्या. तिसऱ्यांदा राजाने स्वतः मोहर उठवली. मुंग्यांनी मोहरेची लाखसुद्धा सोडली नाही.

पोथीवर राखणीला एक साळुंकी असे. ती म्हणाली, "राजा, जी कविता नकोशी झाली तरी एखाद्याच्या मनातून गेली नाही, ती आण."

राजा म्हणाला, "रंगारीणबाई, अर्धी तर अर्धी. म्हणा."

भिवरा म्हणाली,

"निळीच्या रांजणी। बुडविला हात।
मनगटी रात। उतरेना॥"

आणि थांबली. पुढचे आठवेना. मुंग्या पानाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. चढेनात, परतेनात.

मृणालवतीला पुढले येत होते. वीस वर्षांपूर्वी गुरूंच्या अंगणात तिने ते एकदाच ऐकले होते. त्या दिवशी गुरू हातातला घास खाली ठेवून, डोळे पुसत उठून गेले होते. मृणालवतीच्या कवितेला मात्र "छान" म्हणाले, आणि भाकरी संपवली. ते "छान" तिच्या घशात अजून काट्यासारखे होते.

ऊन खिडकीच्या चौकटीवर आले. आता नुसते गप्प बसायचे. पोथीची माती होईल. आपले नाव नाही, तर तिचेही नाही. हा विचार तिला गोड लागला. गुळासारखा चघळत ती उभी राहिली. पण ती अर्ध्यावर तुटलेली कविता कानात लोंबकळत होती, आणि ते काही तिला सोसवेना. तिच्याच तोंडून निघाले,

"धुतले नदीत। नदी झाली निळी।
आईची ती चोळी। कोरी राही॥"

मुंग्या रांगेने पानावर चढल्या आणि अक्षरे झाल्या. मग भिंतीतून बाकीच्या आल्या, आपापल्या पानी गेल्या. गावोगावच्या कवींना आपापल्या कविता आठवल्या. राजाने कुलूप विहिरीत टाकले आणि दंडक मोडला. पहिल्या पानावर भिवराचे नाव उमटले. मृणालवतीचे त्या पानावर कुठेच नव्हते. तिने शाल काढून घडी घातली.

भिवरा मात्र तिच्यावर चालून गेली. "माझी कविता तुझ्याकडे कशी ग? चोरून लिहून ठेवली होतीस?"

मृणालवती मान वर करून म्हणाली, "वीस वर्षे मी रोज तुझी कविता विसरायला बसते, भिवरे, आणि रोज तीच पुन्हा पाठ होते."